राजीनामा द्यायच्या आधी मामाची वही बघ

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्याने एक रील टाकली. कोणी एक वक्ता, गालापाशी माइक, मागे भलामोठा पडदा, आणि वाक्य काय, तर "ज्याच्याकडे प्लॅन बी असतो त्याचा स्वतःवर विश्वासच नसतो." खाली भाच्याने लिहिलं, "सोमवारी पेपर टाकतोय. आता फक्त म्युझिक!" त्यावर बदामांचा पाऊस, अंगठे, "प्राउड ऑफ यू बाळा". मी एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी दारातच उभी.

चिडले. अजून चिडलेलीच आहे, म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर एव्हाना मोठ्या बहिणीचा फोन आला असता.

मुलगा गुणी आहे. कान तयार आहे, रात्र रात्र हेडफोन लावून ट्रॅक बांधत बसतो. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. भांडण त्या वक्त्याशी आहे. लोकांना नोकरी सोडायला सांगणं हाच त्याचा प्लॅन ए आहे आणि तो झकास चाललाय.

माझ्या यादीतल्या जुन्या मंडळींना माझ्या धाकट्या भावाची वही माहीत आहे. नव्यांसाठी परत सांगते, आणि जुन्यांनीही परत ऐका.

धाकटा लाकूडकाम करतो. आता तेच करतो, आधी नोकरी सांभाळून करायचा. फळीला रंधा मारून झाला की खोलीतला दिवा बंद करायचा आणि टेबललॅम्प आडवा धरून तिरप्या उजेडात ओरखडे शोधत बसायचा. कोणाला दिसणार आहेत ते ओरखडे? त्याला. असा माणूस. हळूहळू ओळखीतून ओळख निघाली, ऑर्डरी यायला लागल्या, आणि एक दिवस तोही असंच म्हणाला, "सोडतो आता नोकरी." माझं पोट हिशेबावर भरतं, त्यामुळे मी म्हटलं, वही दाखव.

वही सुरेख होती. लाकूड, स्क्रू, बिजागऱ्या, पॉलिश, टेम्पोचं भाडं, सगळं पैन्‌पै लिहिलेलं. आणि मजुरीच्या रकान्यात आडवी रेघ. पान उलटलं, रेघ. पुढचं पान, रेघ. अरे हे काय? तर म्हणतो, "अगं, ते मला आवडतं ना करायला!"

त्या रेघेने माझं जितकं डोकं फिरवलंय तितकं कुठल्याही ताळेबंदाने फिरवलेलं नाही. कारण ती रेघ गिऱ्हाइकाला वही न बघताही दिसते. "थोडं कमी करा ना, तुमचा तर छंदच आहे." हे वाक्य त्याला जवळजवळ प्रत्येकाने ऐकवलंय. दाढ काढणाऱ्या डॉक्टरला कोणी म्हणतं का, तुम्हाला दाढा आवडतात तर फी निम्मी घ्या? आवडीने काम करणाऱ्याला मोबदला आनंदात चुकता झाला, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आणि ठरवणारे कोण, तर आपल्यासारखेच, कलेची कदर करणारे, प्रदर्शनांना जाणारे. (हो, तुम्हीसुद्धा. मागे एका मैत्रिणीकडून लोगो "सहज करून" घेतलात ना?)

आणि मजुरी म्हणजे नुसते रंधा मारायचे तास नाहीत. माप घ्यायला जाणं, कोटेशन, कोटेशनवर घासाघीस, होकार आल्यावर "जरा उंची कमी होईल का", ॲडव्हान्स मागणं, माल पोचवणं, आणि मग उरलेल्या पैशासाठी आठवड्याआड फोन करणं, तेही आवाज गोड ठेवून. लाकडाला हात लागायचा तो यातून उरलेल्या वेळात. एका ऑफिसने एकाच नमुन्याची स्टुलं घाऊक मागवली होती. पहिल्या स्टुलाला पठ्ठ्या गुणगुणत होता. शेवटच्या काहींना नुसता पॉलिश पेपरचा आवाज.

संशोधनाचे दाखले देत बसायची मला सवय नाही, पण एक प्रयोग डोक्यातून जात नाही. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांकडे वळली. मोठ्यांचं आणि पैशाचं गणित इतकं सरळ नसतं, ठीक आहे. पण त्या स्टुलांच्या वेळी मी भावाचा चेहरा बघितलाय, मला पुरे.

बरं, प्लॅन बी नको म्हणणाऱ्यांचा लाडका दाखला कोण? स्टीव्ह जॉब्स. २००५ सालचं स्टॅनफर्डचं भाषण, आवडतं काम शोधा वगैरे. त्यांच्या जोडीदाराचं कोणी सांगत नाही. १९७६ मध्ये ॲपल सुरू झाली तेव्हा स्टीव्ह वॉझनियाक हेवलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला होते आणि ती सोडायला तयार नव्हते. पैसा घालणाऱ्या माइक मार्कुलांनी नोकरी सोडायची अट घातली, तरी आधी नाहीच म्हणाले होते. ज्यांनी तो कॉम्प्युटर प्रत्यक्ष बांधला ते हे गृहस्थ! यांचा स्वतःवर विश्वास नव्हता म्हणायचं?

भाच्या, तुझ्या संगीतातलंच सांगते. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास. त्याच १९७६ साली त्यांचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, आणि त्यानंतर ते परत टॅक्सी चालवायला गेले. मधूनमधून प्लंबिंगही करायचे. चाळिशी आल्यावर नुसत्या संगीतावर घर चालायला लागलं. आपल्याकडे अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते. त्यांच्या कवितेला त्याने काही कमीपणा आला का?

हो, उडी मारून तरलेलेही आहेत. श्रीराम लागूंनी नाक-कान-घशाची प्रॅक्टिस सोडली आणि १९६९ पासून पूर्णवेळ नट झाले. पण तोवर चाळिशी ओलांडली होती आणि हौशी रंगभूमीवर कैक वर्षं घासली होती. हेही मान्य, की "योग्य वेळ येऊ दे" म्हणता म्हणता रिटायर झालेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. बास. याहून जास्त मान्य करणार नाही.

आता जरा शांत झालेय, तर वहीचं पुढचं सांगते.

धाकट्याने तेव्हा नोकरी सोडली नाही. आधी तो रकाना भरला. तासाचा दर ठरवला आणि तो ऐकून परत फिरणारी गिऱ्हाइकं परत जाऊ दिली, जे त्याला फार जड गेलं, कारण स्वभावाने भिडस्त. निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय लाकूड आणायचं बंद केलं. दोन-तीन नमुने पक्के करून त्यांचे फर्मे बनवले, म्हणजे कापायला वेळ जात नाही. सुट्टीच्या दिवशी शिकवायला लागला, आणि गंमत म्हणजे सगळ्यात भरवशाचा पैसा त्यातूनच आला. घरखर्चाची गंगाजळी वेगळी साठवली. नुसत्या लाकडाच्या पैशात महिन्यामागून महिना घर चालायला लागलं, नोकरीचा पगार हात न लावता तसाच पडून राहायला लागला, तेव्हा कुठे राजीनामा. त्या दिवशी ना भाषण झालं ना स्टेटस. ऑफिसातून येऊन जेवला आणि झोपला. याची रील कोण बनवणार?

मग बाळा, तुला विचारते. तुझ्या ट्रॅकसाठी एखाद्या परक्या माणसाने, म्हणजे मित्र नाही, मावसभाऊ नाही, खरे पैसे दिलेत का? एकदा देऊन परत आलाय का? गेमचं संगीत, पॉडकास्टचं मिक्सिंग, जाहिरातीचे जिंगल, शिकवण्या, यातलं काय केलंस तर तुला मळमळणार नाही? तीन वेळा बदल सांगून चौथ्यांदा "पहिलंच बरं होतं" म्हणणारा क्लायंट तुला झेपेल का? यांची उत्तरं होकारार्थी असतील तर सोमवारी मीच तुझ्याबरोबर येते पेपर टाकायला. आणि नसतील तर नोकरी कर, रात्री ट्रॅक बांध, आणि कोणी भित्रा म्हणालं तर त्याचा नंबर मला दे. दिवसभर राबून रात्री परत हेडफोन लावायला काय लागतं ते त्या माइकवाल्याला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र भावाला कोणीच आधी सांगितली नव्हती, मीही नाही, कारण मला सुचलीच नव्हती. नोकरी सोडल्यावर काही महिन्यांनी एका रविवारी येऊन नुसताच बसला. म्हणाला, "आता विरंगुळा म्हणून काय करू? पूर्वी कंटाळा आला की लाकूड घ्यायचो." मला काही बोलता येईना. हिशेबात याला रकाना नाही.

सध्या तो माउथ ऑर्गन शिकतोय. भयंकर वाजवतो. सूर तर नाहीच, श्वासही पुरत नाही, आणि महाशय खुशीत असतात. परवा कोणीतरी म्हणालंच, "चॅनल काढ ना याचं!" पुन्हा कोणी म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे.