बडोदेकर हे आडनाव

गाणाऱ्यांवरच्या कथांचा मला हल्ली कंटाळा आलाय. पहाटेचा रियाज, तिरसट गुरू, शेवटच्या मैफिलीत लागलेला ‘तो’ षड्ज. मीही अशा दोन पाडल्यात, म्हणून हक्कानं बोलतोय. सूर कागदावर उतरत नाही. लिहिणाऱ्याच्या हाती लागलंच तर गाणाऱ्याचं बिऱ्हाड लागतं. ते कुठून उठलं, कुठं टेकलं, वाटेत काय राहिलं.

गायिका हिराबाई बडोदेकरांचंच बघा. जन्म मिरजेचा, १९०५ चा. नाव गाजलं पुण्या-मुंबईत. मग बडोदेकर कशा? वडील अब्दुल करीम खाँ, उत्तरेतल्या कैरान्याचे, बडोद्याच्या दरबारात गवई. आई ताराबाई माने, तिथल्याच सरदार घराण्यातल्या. दोघांनी लग्न ठरवलं आणि बडोदं सुटलं. ज्या गावातून आईबाप निघून आले, तेच गाव लेकीच्या नावापुढं जन्मभर राहिलं! कादंबरीकारानं असं रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

पुढं १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाची सरस्वती झाली. गळ्यात मात्र बापाचीच गायकी. तिला घराणं म्हणायचं आणि त्या घराण्याला नाव पुन्हा गावाचंच, कैरान्यावरून किराना.

खाँसाहेब मिरजेचे झाले ते झालेच. म्हैसूरकडं जात राहिले, कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं, त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली. १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्याशा स्टेशनवर वारले. दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी.

मागं मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो होतो. एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारांचा झंकार जुळवत बसले होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा कानस. अर्धा तास हेच. मी उगाच विचारलं, भोपळा इथलाच का? “भोपळा पंढरपूरकडचा. लाकूड बाहेरचं. हा तंबोरा चाललाय कलकत्त्याला.” आणि वर न बघता म्हणाले, “म्हणायचं मिरजेचा.”

त्या रात्री लॉजवर जुनी कथा फाडली (म्हणजे डिलीट केली, पण फाडली म्हटलं की बरं वाटतं). नवी सुरू केली. तिच्यात गाणं जवळजवळ नाहीच. एक बाई मुलांना घेऊन नव्या गावात खोली घेते. रात्री मुलांना नवी नावं सांगून ठेवलीत. सकाळी नळाला पाणी आलंय, थोरला अजून झोपलाय, त्याला हाक मारायचीय. चार महिने झाले, माझी बाई तोंड उघडून तिथंच उभी आहे.