फिनिक्सला ‘सांस्कृतिक वाळवंट’ म्हणण्यापूर्वी

ॲरिझोनात नोकरी किंवा विद्यापीठात प्रवेश मिळाला, की मराठी मुलामुलींना कुणीतरी हमखास एक मजकूर पाठवतं. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. फिनिक्स म्हणजे सांस्कृतिक वाळवंट. शहर कालपरवाचं, त्यामुळे इतिहास शून्य. मूळ रहिवाशांची म्हणून जी कला दाखवतात, ती पर्यटकांना विकायची खेळणी. खरी कला बघायची तर शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातलं सांता फे गाठा. फिनिक्समध्ये आहे ते गोल्फ आणि मॉल. उन्हाळ्यात घराबाहेर पडवत नाही आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही.

हा मजकूर मला नुसता चुकीचा वाटत नाही, अन्यायाचा वाटतो. तो वाचून आलेली मुलं दोन-चार वर्षं तिथे काढतात आणि घरापासून अर्ध्या तासावर असलेलं काहीही न बघता दुसऱ्या शहरात निघून जातात. त्याहून वाईट म्हणजे ही भूमी ज्यांची, त्या माणसांना या मजकुरात जागाच नाही. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा इतिहासाचा. बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. आजच्या फिनिक्सची वसाहत १८६८ च्या आसपासची आणि नगर म्हणून त्याची रीतसर नोंद झाली १८८१ मध्ये, हे खरं. पण ते रिकाम्या वाळूवर वसलं नाही. सॉल्ट नदीच्या खोऱ्यात, साधारण इ. स. ४५० ते १४५० या हजार वर्षांत, ज्यांना पुरातत्त्वज्ञ होहोकाम म्हणतात त्या लोकांनी शेकडो मैलांचे कालवे खणले. ओझं वाहायला जनावर नाही, चाकाची गाडी नाही, लोखंड नाही. दगडाची आणि लाकडाची अवजारं, टोपल्या आणि उताराचं अचूक गणित, एवढ्यावर त्यांनी वाळवंटात मका, कापूस, घेवडा आणि भोपळा पिकवला. युरोपीय लोक येण्यापूर्वीच्या उत्तर अमेरिकेत कालव्यांचं एवढं मोठं जाळं दुसरं नव्हतं. १८६७ मध्ये जॅक स्विलिंगने कालवा कंपनी काढली, तेव्हा या जुन्या कालव्यांचे चर जमिनीवर स्पष्ट दिसत होते आणि नव्या कालव्यांनी त्यांचाच माग धरला. शहराला फिनिक्स हे नाव सुचवलं डॅरेल डुप्पाने, ते याच कारणाने. एका जुन्या संस्कृतीच्या अवशेषांवर नवं नगर उठतंय, हे त्याला समोर दिसत होतं. इथे आधी काही नव्हतं, असं नाव ठेवणाऱ्यालाही वाटलं नव्हतं.

विमानतळापासून अगदी जवळ स’एदाव वा’अकी संग्रहालय आहे. पूर्वी त्याचं नाव स्पॅनिश होतं, प्वेब्लो ग्रांदे. २०२३ मध्ये ते बदलून ओ’ओदाम या इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं ठेवलं. तिथे मातीचा भव्य चौथरा आहे, चेंडूच्या खेळाचं मैदान आहे, आणि मूळ कालव्यांचे खोल चर आजही बघता येतात. डोक्यावरून विमानं उतरत असतात. या लोकांच्या हातची एक गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. कॅलिफोर्नियाच्या आखातातून आणलेल्या शिंपल्यांवर ते आम्लाने नक्षी उमटवत. हे आम्ल म्हणजे सग्वारो या उंच निवडुंगाच्या फळांचा आंबवलेला रस असावा, असं अभ्यासक मानतात. जो भाग उठावात राहायला हवा त्यावर लेप द्यायचा आणि उरलेला आम्लाला खाऊ द्यायचा, अशी ती रीत. युरोपात धातूवर आम्लाने कोरायला लागले, त्याच्या कित्येक शतकं आधीची.

आणि ती माणसं कुठे नाहीशी झालेली नाहीत. अकिमेल ओ’ओदाम, म्हणजे नदीकाठचे ओ’ओदाम, स्वतःला त्यांचेच वंशज मानतात. हिला नदी आणि सॉल्ट नदी या नावांच्या त्यांच्या राखीव भूमी शहराला अगदी लागून आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेच लोक कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या वाटसरूंना गहू पुरवत होते. मग वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी हिला नदीचं पाणी वळवलं आणि या शेतकऱ्यांवर उपासमार आली. पाण्यावरचा त्यांचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००४ साल उजाडलं. याचा कलेशी काय संबंध, असं कुणी विचारेल. त्यांच्या टोपल्यांना लागणारा विलो आणि पाणकणीस नदीकाठी उगवतं. नदी आटली की टोपलीचा कच्चा मालही आटतो. या टोपल्यांवरची काळी नक्षी येते ती एका रानटी झुडपाच्या वाळलेल्या शेंगेच्या सालीतून, आणि ते झुडूप आपल्या माळरानावर दिसणाऱ्या वाघनखीच्या कुळातलं. चक्रव्यूहाच्या तोंडाशी उभा माणूस, ही त्या टोपल्यांवरची आकृती पाहिली की कुणीही थबकतं. पाणी गेलं तरी हे विणकाम ज्यांनी जिवंत ठेवलं, त्यांच्या शहराला संस्कृती नाही म्हणणं मला सहन होत नाही.

दुसरा मुद्दा, मूळ रहिवाशांची कला म्हणजे पर्यटकांसाठीचा माल. असा माल आहे. फिनिक्सला लागूनच्या स्कॉट्सडेलच्या जुन्या बाजारात फिरलात तर बाहेरून बनवून आणलेल्या चांदी-फिरोजाच्या वस्तू दिसतीलही. मूळ रहिवाशांनी घडवलेली नसताना तशी म्हणून वस्तू विकणं हा अमेरिकेत गुन्हा आहे आणि १९९० मध्ये त्याचा कायदा आणखी कडक झाला. पण नकली माल आहे म्हणून अस्सल नाही, हा कुठला न्याय?

फिनिक्सचं हर्ड म्युझियम ड्वाइट आणि मेई हर्ड या दांपत्याने १९२९ मध्ये उघडलं. तिथे १९५८ पासून दर वसंतात बाजार भरतो. विकणारे स्वतः कलावंतच असतात. कुंभार, विणकर, सोनार समोर बसलेले असतात आणि त्यांना विचारता येतं, माती कुठली, रंग कशाचा, हे आकाशातले ढग की भुट्ट्याचे दाणे. १९९१ मध्ये सुरू झालेली हूप डान्सची, म्हणजे कड्यांच्या नाचाची, जागतिक स्पर्धा दर फेब्रुवारीत याच संग्रहालयात होते. कड्यांतून अंग काढत, ती एकात एक गुंफत नर्तक गरुड, फुलपाखरू, पृथ्वीचा गोल उभा करत जातो. अगदी चिमुरड्यांपासून वयस्कांपर्यंत वेगवेगळे गट असतात आणि परीक्षक अचूकपणा, लय, कल्पकता, सादरीकरण आणि वेग या पाच गोष्टींवर गुण देतात. प्रेक्षकांत अर्ध्याहून अधिक वेळ नातेवाइकांचाच आरडाओरडा ऐकू येतो. हा कार्यक्रम पर्यटकांसाठी उभा केलेला देखावा नाही, हे कळायला तेवढं पुरे.

याच संग्रहालयातलं एक दालन मी प्रत्येक पाहुण्याला बघायला सांगते. ते आहे निवासी शाळांचं. सरकारने मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडून या शाळांत आणली, केस कापले, त्यांच्या भाषेत बोलायला बंदी केली. फिनिक्समध्ये अशी शाळा १८९१ ते १९९० अशी जवळजवळ शंभर वर्षं चालली. तिच्या आवारात आज स्टील इंडियन स्कूल पार्क आहे आणि तीन जुन्या इमारती उभ्या आहेत. भाषा आणि कला पुसून टाकायला एक अख्खी यंत्रणा जिथे शतकभर राबली, तिथेच आज मोहावी जमातीची कवयित्री नताली डियाझ ॲरिझोना स्टेट विद्यापीठात शिकवते. २०२१ चं कवितेचं पुलित्झर पारितोषिक तिला मिळालं. खेळण्यांचं दुकान यातलं काय आहे?

सांता फेचा मुद्दा लवकर संपतो. सांता फे सुंदर आहे, जरूर जावं. पण तिथे १९६२ मध्ये मूळ रहिवाशांच्या कलेची जी नामांकित संस्था सुरू झाली, तिचा पहिला कलासंचालक लॉइड कीवा न्यू हा चेरोकी कलावंत आधी फिनिक्सच्या त्याच निवासी शाळेत कलाशिक्षक होता. १९४६ मध्ये त्याने स्कॉट्सडेलमध्ये आपला स्टुडिओ काढला, चामड्याच्या बॅगा आणि छापील कापड तयार केलं, आणि होपी जवाहिऱ्या चार्ल्स लोलोमासारख्या कलावंतांना आपल्या शेजारी जागा दिली. परंपरा जपायची म्हणजे जुन्याच्या नकला करायच्या नाहीत, हा विचार त्याने या वाळवंटात कामातून पक्का केला आणि मग तो तिकडे नेला. दोन शहरांना एकमेकांविरुद्ध उभं करणाऱ्यांना हा दुवाच माहीत नसतो.

आता गोल्फ आणि मॉल. आहेत, भरपूर आहेत. त्यांच्यासोबत १९८६ पासून एक नियमही आहे. महापालिकेच्या बांधकामांच्या खर्चातला एक टक्का सार्वजनिक कलेसाठी. त्यामुळे इथे कला अनपेक्षित ठिकाणी भेटते. सत्ताविसाव्या अव्हेन्यूवरचं कचरा हाताळणी केंद्र १९९३ मध्ये मायकेल सिंगर आणि लिनिया ग्लॅट या दोन कलावंतांनी आखलं. शहराचा कचरा कुठे जातो, हे नागरिकांना बघता यावं म्हणून तिथे गॅलरी ठेवली. कचऱ्याची जागा शहराने लपवायची नसते, हा विचार मला तरी कुठल्याही पुतळ्याहून मोठा वाटतो. ॲरिझोना कालव्यावरच्या छोट्या धबधब्याशी २००३ मध्ये जलविद्युत केंद्र आणि बसायची सावलीची जागा एकत्र केली. पडत्या पाण्याच्या आवाजात तिथे बसून राहता येतं.

शहराच्या मध्यावर, सिव्हिक स्पेस पार्कवर जेनेट एकेलमनने २००९ मध्ये टांगलेलं प्रचंड जाळं आहे. सग्वारोच्या फुलावरून सुचलेला आकार, वाऱ्याबरोबर हलणारा, ऋतूप्रमाणे प्रकाश बदलणारा. खर्चावरून त्या वेळी बराच वाद झाला होता. जाळ्यातून शिल्प करायची कल्पना तिला सुचली ती तमिळनाडूत महाबलिपुरमला. १९९७ मध्ये ती भारतात शिकवायला आली होती, प्रदर्शनासाठी पाठवलेले रंग पोचले नाहीत आणि किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी तिच्या नजरेला पडली. भारतीय मुलं विद्यापीठाच्या इमारतीतून निघून रोज त्या जाळ्याखालून जातात, त्यांना हे कुणी सांगतच नाही.

सोळाव्या रस्त्यावरची भित्तिचित्रंही बघायला हवीत. २०१० मध्ये ॲरिझोनाने स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा केला. पोलिसांना कुणाचीही कागदपत्रं मागायची मुभा मिळेल, या भीतीने मेक्सिकन वस्त्या हादरल्या. तेव्हा शेफ सिल्वाना साल्सिडो एस्पार्झा आणि लालो कोटासारख्या चित्रकारांनी या रस्त्याच्या भिंती रंगवायला घेतल्या. आपण इथलेच आहोत, हे त्यांनी उघड्यावर, सर्वांना दिसेल असं लिहून ठेवलं. परदेशात व्हिसाची मुदत मोजत राहणाऱ्या आपल्या माणसांना हे चित्र कळायला फार वेळ लागू नये.

रूझवेल्ट रो या कलावंतांच्या वस्तीतला महिन्याच्या पहिल्या शुक्रवारचा कलाफेरफटका सगळ्यांना ठाऊक असतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. इथे टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. पडक्या घरांत स्टुडिओ थाटून ज्या कलावंतांनी तो भाग जिवंत केला, त्यांच्यापैकी अनेकांना नंतर वाढलेली भाडी परवडली नाहीत. याचा राग यायलाच हवा. पण राग येतो तो तिथे काहीतरी मोलाचं उभं राहिलं होतं म्हणूनच. आणि उत्तर फिनिक्समधलं वाद्यांचं संग्रहालय, २०१० मध्ये उघडलेलं, सुमारे दोनशे देशांतली वाद्यं असलेलं, ते तर अर्ध्या दिवसात आटोपण्यासारखं नाहीच. दालनासमोर उभं राहिलं की त्या वाद्याचा आवाज आपोआप कानातल्या हेडफोनमध्ये सुरू होतो. एका दालनात वाद्यं स्वतः वाजवून बघता येतात. लहान मुलं असतील तर त्यांना आधी तिथेच न्या.

उरला उन्हाचा आणि गाडीचा मुद्दा. ऊन खोटं नाही. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता, आणि त्या उन्हात माणसं मरतात. त्याला कुणी हलकं समजू नये. पण इथल्या कलावंतांनी त्याच उजेडाशी झटून काम केलंय. वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने १९३७ मध्ये टॅलिएसिन वेस्ट हे आपलं हिवाळी घर आणि कार्यशाळा बांधायला घेतलं, ते तिथलेच दगड काँक्रीटमध्ये बसवून आणि वर कॅनव्हासचं छत घालून, म्हणजे उजेड गाळून आत येईल. २०१९ पासून ते जागतिक वारसा आहे. जेम्स टरेलने फिनिक्सला लागूनच्या टेंपीत, ॲरिझोना स्टेट विद्यापीठात २०१२ मध्ये आकाश बघायची खोलीच बांधली. सूर्योदय आणि सूर्यास्ताला तिथे बसा, शुल्क काही नाही. विल ब्रूडरने आखलेल्या १९९५ च्या बर्टन बार ग्रंथालयात उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सूर्य माथ्यावर आला की छतातल्या झरोक्यांतून येणारे किरण खांबांची टोकं पेटवतात, आणि भर जूनमध्ये ते बघायला लोक जमतात. उघड्यावरचे मोठे कार्यक्रम ऑक्टोबर ते एप्रिल या काळात असतात. आपण उन्हाळ्याची सुट्टी धरून पाहुण्यांना बोलावतो आणि मग शहर ओसाड म्हणतो, हा पाहुण्यांच्या तिकिटाचा दोष आहे.

गाडी नसेल तर टॅलिएसिन वेस्ट आणि वाद्यसंग्रहालय अवघड पडतं, हे कबूल. बाकी लाइट रेल २००८ च्या डिसेंबरपासून धावते आहे. टेंपीत विद्यापीठापाशी बसायचं. वॉशिंग्टन रस्त्यावर ‘चव्वेचाळिसावा रस्ता’ या स्थानकाला स’एदाव वा’अकी, व्हॅन ब्युरेनला एकेलमनचं जाळं, रूझवेल्टला गॅलऱ्या, मॅकडॉवेलला बर्टन बार ग्रंथालय आणि १९५९ मध्ये उघडलेलं फिनिक्स आर्ट म्युझियम, एन्कॅन्टोला हर्ड. एकदा गाडी बदलावी लागली तरी एका दिवसात यातली तीन ठिकाणं सहज होतात.