हसणं बंद करायची सोय

परवा कपाट आवरताना 'मॅश'चा डीव्हीडी संच पुन्हा बाहेर निघाला आणि घरातून ठरलेला प्रश्न आला, "हे सगळं आता मोबाइलवर दिसतं ना? मग जागा कशाला अडवायची?" प्रश्न रास्त आहे. अकरा सीझन, अडीचशेहून जास्त भाग, अख्खा एक कप्पा. उत्तर मात्र एका वाक्यात बसत नाही, म्हणून इथे लिहितोय. (घरचे माझ्या पोस्ट वाचत नाहीत, हा आणखी एक फायदा.)

या डिस्कच्या मेनूत एक पर्याय आहे, लाफ ट्रॅक, म्हणजे विनोदानंतर ऐकू येणारं ध्वनिमुद्रित हसणं, बंद करण्याचा. ही अमेरिकन मालिका कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयाची, 1972 ते 1983 या काळात प्रसारित झालेली. ती प्रेक्षकांसमोर चित्रित झालेलीच नव्हती, त्यामुळे त्यातलं हसणं मागाहून चिकटवलेलं. वाहिनीला ते हवं होतं, मालिका करणाऱ्यांना नको होतं. शेवटी तडजोड झाली ती अशी की शस्त्रक्रिया चालू असताना कोणी हसणार नाही, बाकीच्या वेळी हसलं तरी चालेल. बीबीसीने ही मालिका ब्रिटनमध्ये दाखवली ती हसण्याविनाच.

मी पहिल्यांदा पाहिली ती हसण्यासकट. तेव्हा मालिकेचा नायक हॉकआय मला एक हजरजबाबी, थोडासा आगाऊ डॉक्टर वाटला होता. पुढे कधीतरी तो पर्याय सापडला आणि कुतूहलापोटी हसणं बंद करून तेच भाग लावले. संवाद तेच, चेहरे तेच. पण विनोद झाल्यावर खोलीत शांतता. समोरचा माणूस हसत नाही, हॉकआयही हसत नाही, दोघं पुढच्या कामाला लागतात. तेव्हा लक्षात आलं की हा माणूस झोप आणि रडू या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी बडबडतोय. एक बटण दाबलं आणि मालिकाच वेगळी झाली. आता मला ती हसण्यासकट बघवत नाही. बहिणीला उलट शांततेत बघवत नाही, तिला ती भकास वाटते. आमचं यावर एकमत होणार नाही, पण डिस्क एकच पुरते.

माझं म्हणणं एवढंच की मालिका ही एक वस्तू नसते, तिच्या अनेक प्रती असतात. जुन्या पोथ्यांना असतात तसे सिटकॉमलाही पाठभेद असतात. फरक इतकाच की पोथीच्या संपादकाला कुठे काय बदललं याची तळटीप द्यावी लागते, स्ट्रीमिंगवाल्यांना तसं बंधन नाही.

'फ्रेंड्स' घ्या. अमेरिकन डीव्हीडी संचांत बऱ्याच भागांना जास्तीचे प्रसंग जोडलेले होते. 2012 साली ब्लू-रे डिस्क आली ती मूळ फिल्मवरून नव्याने तयार केलेली, चित्र लखलखीत, पण भाग प्रसारणात होते तेवढेच. जास्तीचे विनोद गेले. वर चौकट रुंद केल्यामुळे जे कधी दिसायचंच नव्हतं ते कडेला दिसू लागलं. काही ठिकाणी तर नटीच्या जागी उभी केलेली भलतीच बाई! 'साइनफेल्ड'चं नेमकं उलटं झालं. 2021 मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रुंद पडद्यात बसवण्यासाठी चित्र वरून-खालून छाटलेलं होतं. त्यातल्या एका भागात रस्त्यातल्या ज्या खड्ड्याविषयी बोलणं चालतं, तो खड्डाच छाटला गेला.

संगीताची रड वेगळीच. टीव्हीवर गाणं वाजवण्याचा परवाना घेतला म्हणजे ते गाणं डिस्कवर विकण्याचा हक्क मिळतोच असं नाही. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही तर रेडिओ स्टेशनवरची मालिका, गाणी हा तिचा श्वास. 2007 च्या पहिल्या डीव्हीडीत त्यातली बरीच गाणी काढून तिथे कुठलंसं बेवारस संगीत भरलं होतं. 2014 च्या संचात बरीचशी मूळ गाणी परत आली. म्हणजे त्याच मालिकेची एक डिस्क घेण्यासारखी आणि एक न घेण्यासारखी, आणि खोक्यावर हे कुणी छापत नाही. जुन्या संग्राहकांना विचारावं लागतं.

हे सगळं वाचून मी डिस्कचा भक्त आहे असं वाटेल, तर तसं नाही. 'खास आकर्षण' म्हणून दिलेल्या कलाकारांच्या समालोचनात निम्मा वेळ मंडळी एकमेकांची स्तुती करतात. दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या डिस्कवर कुठली बाजू वर ठेवायची, हे त्या मधल्या कड्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत वाचायचं. मेनूवर शीर्षकगीताचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. फोन घ्यायला उठलात की घरदार वैतागतं. पाल या टीव्ही पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या) डिस्कवर सेकंदाला 24 चित्रांची फिल्म 25 ने पळते, त्यामुळे 25 मिनिटांचा भाग 24 मिनिटांत उरकतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चिरके होतात. आणि डिस्क मरतात. नीट ठेवूनही मरतात.

तरीही जपून ठेवण्याची हौस मला वेडगळ वाटत नाही, कारण ज्यांनी जपायचं तेच अनेकदा जपत नाहीत. 'डॅड्स आर्मी' या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या बहुतेक टेप बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या. तेव्हा तशी पद्धतच होती, टेप महाग होती. त्यातले दोन भाग 2001 मध्ये परत मिळाले, तीन अजून सापडलेले नाहीत. त्याच्याही कितीतरी आधीची अमेरिकन मालिका 'आय लव्ह ल्युसी' आज खणखणीत दिसते, कारण 1951 पासून ती 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित होत होती आणि ती फिल्म टिकली.

माझ्या संचातल्या चौथ्या सीझनच्या एका डिस्कवर ओरखडा आहे. कितीही पुसली तरी एका संवादाच्या ऐन मध्यावर चित्र थिजतं, हॉकआयचं तोंड उघडं राहतं आणि तीन-चार सेकंदांनी विनोद पुढे सरकतो. मध्यंतरी बहिणीकडे तोच भाग तिच्या टीव्हीवर लागला, हसण्यासकट. ती जागा आली आणि चित्र कुठेही न अडखळता पुढे गेलं. ठेवणीतलं हसणं खदखदून वाजलं. आम्ही दोघं मात्र तीन-चार सेकंद उशिरा हसलो.