गुडघे दुखणारी नाखवीण

एक जूनला बोटी वर ओढल्या की आमच्या बर्फाच्या कारखान्यात हिशोब लिहायला फारसं काही उरत नाही. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बाहेर पाऊस, टेबलावर सादळलेल्या वह्या आणि मी. मे महिन्यात पुण्याहून भाची आली होती. जाताना आंब्याची पेटी घेऊन गेली आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेली. म्हणाली, "मावशी, ही बाई तूच आहेस. वाच." चाचेगिरीची गोष्ट, त्यात जादूटोणा, भुतंखेतं. मी ४६ वर्षांची, जिना चढताना देवाचं नाव घेणारी. मी कुठली चाची?

पण पुस्तकातल्या नाखवीणबाईचेही गुडघे दुखतात! तिथेच मी अडकले.

शॅनन चक्रवर्ती यांची 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अमिना अल-सिराफी' ही २०२३ साली आलेली कादंबरी. काळ बाराव्या शतकाचा, जागा आपलाच समुद्र, फक्त पलीकडचा किनारा. अमिना एकेकाळची नामचीन चाची. दहा वर्षांपूर्वी सगळं सोडून आई आणि लेकीबरोबर गुपचूप राहतेय. एक दिवस एक श्रीमंत म्हातारी तिला शोधून काढते. तिची नात नाहीशी झालीये, ती परत आण म्हणते. आधी पैशाचं आमिष, मग धमकी. झालं, बाई जुनं जहाज आणि जुनी माणसं गोळा करायला निघते. पुढचं सांगत नाही. अमिनाला एक नवरा आहे, त्याच्याबद्दल तर मुळीच सांगत नाही.

पुस्तकात जहाजाच्या कप्तानाला नाखुदा म्हणतात, तो फारसी शब्द वाचला आणि हसूच आलं. आपला नाखवाच की तो! खलाशीसुद्धा तिकडूनच आलेला. आणि ते 'अल-सिराफी' म्हणजे सिराफची, इराणच्या किनाऱ्यावरचं जुनं बंदर. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी नावाचा प्रवासी आपल्या चौलला आला होता, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेली माणसं तिथे राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे ही बाई खरी असती तर तिचा एखादा चुलता चौलच्या बाजारात खजूर विकत बसलेला सापडला असता. त्यामुळे मला ते जग परकं वाटलंच नाही. वारा फिरायच्या आत निघायचं, नाहीतर अख्खा मोसम अडकून पडायचं, हे मला तळटीप देऊन कुणी समजवायला नको.

आता मुद्द्याचं. भाची म्हणते या प्रकाराला 'फाउंड फॅमिली' म्हणतात. म्हणजे रक्ताचं नातं नसलेली माणसं एकमेकांचं घर होतात. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते, पण या जहाजावरचं नातं मानलेलं नाही. मानायला आधी ठरवावं लागतं, ओवाळावं लागतं. इथे कुणी काही ठरवलेलंच नाही. दलीला विषं बनवते, तोंडाने त्याहून विषारी. तिंबू जहाज सांभाळतो आणि पायसम नावाचं एक मांजर पाळतो. हो, पायसम, म्हणजे खीर! उंदरांच्या बाबतीत ते मांजर शून्य आहे. माजिद नकाशे जाणणारा, पापभीरू, बायकापोरांत सुखाने रमलेला. यांच्यात 'तू माझ्या बहिणीसारखी' असलं कुणी बोलत नाही. दलीला तर अमिनावर चिडलेली आहे, दहा वर्षं साधी खबर दिली नाहीस म्हणून. तो राग पुस्तकभर पुरतो. आणि तरीही वेळ आली की कोण कुठे उभं राहणार हे विचारावं लागत नाही.

हे वाचताना मला आमची रापण आठवली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि मग त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोन्हीकडच्यांचा ताल एक असावा लागतो, नाहीतर जाळं तिरपं होतं आणि मासा निसटतो. माझे बाबा एका टोकाला असायचे. दुसऱ्या टोकाला जे काका असायचे त्यांच्याशी बाबांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. जाळ्याच्या पैशावरून काहीतरी झालं होतं. वाटेत भेटले तर एक जण रस्त्याची दुसरी कड धरायचा. पण रापण लागली की दोघांचे पाय वाळूत एकाच वेळी मागे पडायचे. मी लहानपणी मुद्दाम बघत बसायचे, एकदा तरी चुकतात का.

बाबा गेले तेव्हा मोसम निम्मा उरला होता. मोसम संपेपर्यंत त्यांचा वाटा घरी येत राहिला. आणून द्यायला तेच काका यायचे. आईशीही बोलत नसत. टोपली ओट्यावर ठेवायची आणि निघायचं. पुढे मी हिशोब शिकले तेव्हा त्या वर्षीची वही मुद्दाम मागून पाहिली. बाबांचं नाव खोडलेलं नव्हतं.

म्हणून जुनी माणसं एकेक करून परत येतात तो भाग मी दोनदा वाचला. साहसाची कादंबरी म्हणून तो जरा रेंगाळतो, हे खरं. राक्षस कधी येणार म्हणून घाई झालेल्यांना कंटाळा येईल. मला नाही आला. माजिदला चल म्हणताना अमिनाला जे अवघडल्यासारखं होतं, त्यात अख्ख्या पुस्तकाचा जीव आहे असं माझं मत.

दुसरं म्हणजे लेक. अमिना दहा वर्षांच्या मुलीला आजीकडे ठेवून जाते. तिला अपराधी वाटतं, आणि त्याच वेळी पायाखाली जहाज हललं की आनंदही होतो. लेखिका यातलं काहीच लपवत नाही आणि त्या आनंदाची शिक्षाही देत नाही. आपल्याकडे पुरुष महिनोन्‌महिने बोटीवर असतो, त्याला कुणी विचारत नाही की मुलांकडे कोण बघतं. मी तीन दिवस लग्नाला गेले तर शेजारीण विचारते.

खोट काढायचीच तर खलनायक मला पुठ्ठ्याचा वाटला. फाल्को नावाचा फिरंगी, जादूच्या वस्तूंमागे लागलेला. आला की मी पानं भराभर उलटायचे. शेवटाकडे जादूही जरा जास्त होते, आणि मंडळी अधूनमधून कालच्या वेब सिरीजमधल्यासारखी बोलतात. पण अमिना आपली गोष्ट एका लेखनिकाला सांगतेय आणि मध्येच त्याला झापतेय, ही युक्ती एकदम आपल्या खळ्यातल्या गजालीसारखी आहे, तेव्हा माफ.

इंग्रजी सोपं नाही. मी फोनवर शब्द बघत बघत सव्वा महिना घेतला. रोज रात्री जेवताना आईला तेवढा भाग मालवणीत सांगायचे. पहिल्या दिवशी गुडघ्याचं सांगितलं तर म्हणाली, "गुडघो दुखता म्हणान दर्यार जावचा सोडता काय कोण?" भुताखेतांचं तिला काही नवल वाटलं नाही. विष बनवणारी दलीला मात्र फार आवडली. आता पुस्तक संपलंय, पण आईला सांगून संपलेलं नाही, आम्ही अजून मध्येच आहोत. काल लाइट गेली म्हणून मी टाळत होते, तर अंधारातून आवाज आला, "गो, त्या मांजराचा काय झाला?"