नंबर लागेल का?

संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने पार्ल्यात राहू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ज्योतिषाकडे जाताना लोक निदान दक्षिणा तरी नेतात. माझ्याकडे मुलांच्या गुणपत्रिका घेऊन येतात आणि वर चहा पिऊन जातात. पूर्वी हे काम सोपे होते. आयआयटीचा प्रश्न आला की गेल्या वर्षी कोणत्या शाखेचा प्रवेश कितव्या क्रमांकाला थांबला, ते आयआयटीच्या जागा वाटणाऱ्या 'जोसा' या यंत्रणेच्या संकेतस्थळावर पाहायचे; पवईला संगणकशास्त्र हवे असेल तर खुल्या गटात साधारण पहिल्या साठात या, एवढे सांगून मी पुन्हा वर्तमानपत्र उघडत असे. यंदा मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कन्येने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचे नाव काढले, आणि तिचे आईवडील, आजी व एक जाड फाइल असे सगळे रविवारी सकाळी माझ्या दिवाणखान्यात येऊन बसले.

"सर, नंबर लागेल का, तेवढंच सांगा," वडील म्हणाले.

फाइलमध्ये सर्वांत वर एसएटी या अमेरिकन प्रवेशपरीक्षेचे 1600 पैकी 1540 गुण होते. हे विद्यापीठ 2021 पासून प्रवेश ठरवताना ते गुण पाहतच नाही, हे ऐकून त्यांनी तो कागद जड हाताने तळाशी सरकवला. त्याखाली निघाले आमदारसाहेबांचे शिफारसपत्र, शिक्क्यासह. तेथे अर्जासोबत शिफारसपत्रे घेत नाहीत, यावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. जेथे ओळख चालत नाही ती संस्था सरकारी कशी, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. सरकारी आहे म्हणजे फी तरी बेताची असेल, हाही भ्रम मला दूर करावा लागला, कारण राज्याबाहेरच्यांना मूळ शुल्कावर 2024-25 साली आणखी 34,200 डॉलर पडत होते. त्यावर कॅलिफोर्नियाचे डोमिसाईल कुठे काढून मिळते, अशी त्यांनी हळू आवाजात चौकशी केली.

खरा घोटाळा पुढेच होता. त्या लोकांना नववीपासूनचे गुण भरून हवे असतात आणि सरासरी धरतात ती मुख्यतः दहावी-अकरावीची. आता अकरावी हे महाराष्ट्रात वर्ष म्हणून कोणी मोजतच नाही. दहावीच्या बोर्डाने दमलेले आणि बारावी, जेईई व सीईटी यांच्या धाकात असलेले मूल ते वर्ष कॉलेजात नावापुरते आणि क्लासमध्ये देहाने काढते, आणि 'अकरावीला कोण विचारतं?' असे सगळे नातेवाईक त्याला धीर देत असतात. बर्कली विचारते. दहावीची गुणपत्रिका लॅमिनेशन करून फाइलमध्ये होती. अकरावीची मात्र, आईने घरी जाऊन शोधली तेव्हा, कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सापडली. रसायनशास्त्रात 54 गुण होते.

"चौपन्न म्हणजे पास ना?" आजींनी विचारले. कोणीच उत्तर दिले नाही.

वडिलांनी तोवर टक्क्यांना 25 ने भागून चारपैकी मोजतात ती अमेरिकन सरासरी काढायला घेतली होती. गुण आहेत तसेच भरा, रूपांतर करू नका, अशी विद्यापीठाची स्पष्ट सूचना असते. ती ऐकून त्यांनी दशांश चिन्हानंतरचे तेवढे खोडले.

उपक्रम आणि बक्षिसांसाठी अर्जात वीस जागा असतात. आईने बालवाडीच्या वेशभूषा स्पर्धेतील लोकमान्य टिळकांपासून सुरुवात केली, पण तेथेही नववीपासूनचेच चालते, म्हणून टिळक वगळावे लागले. मग निबंध: आठ प्रश्नांपैकी चार, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्दांत. आयुष्यातील सर्वांत मोठ्या आव्हानासाठी 26 जुलैचा पूर घ्यावा, असे वडिलांनी सुचवले. ते स्वतः त्या रात्री कुर्ल्याला अडकले होते. "बाबा, मी 2008 ची आहे," कन्या म्हणाली. सकाळपासून ती बोललेली ही पहिलीच गोष्ट, आणि माझ्या मते अख्ख्या फाइलपेक्षा तीच तिच्या बाजूने अधिक बोलत होती.

"पण सर, टक्के किती?"

मी सांगितले, की बर्कलीकडे वर्षाला 1,20,000 हून अधिक अर्ज येतात आणि प्रवेश सुमारे 11 टक्क्यांना मिळतो; परंतु ही सर्वांची सरासरी आहे, संगणकशास्त्राला वाट याहून कितीतरी अरुंद असते, आणि अर्ज वाचणारे एकाच आकड्यावर निर्णय करत नाहीत, त्यामुळे एका मुलीची शक्यता बाहेरून कोणालाही काढता येत नाही. यातील '11' एवढेच त्यांनी ऐकले आणि फाइलच्या पाठीवर लिहून घेतले.

"आणि कॅम्पस एकूण किती?"

पदवीसाठी नऊ, मी म्हणालो. अर्ज एकच, परदेशी विद्यार्थ्याला कॅम्पसमागे 95 डॉलर.

"मग नऊच्या नऊ भरू," ते उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "अकरा नवे नव्याण्णव!"

हे आकडे असे गुणता येत नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात आजींनी उरलेल्या एका टक्क्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. "मंगळवारी सिद्धिविनायकाला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "सरांना पेढे द्यायला विसरू नका."