आवारातील तंबाखूबंदीची सुरुवात स्टाफरूमपासून व्हावी

विद्यापीठाच्या आवारात धूम्रपानबंदी आणावी की आणू नये, असा वाद घालण्याची वेळ आपल्याकडे केव्हाच उलटून गेली आहे. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घालण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या ठिकाणांच्या यादीत रुग्णालये, न्यायालये आणि ग्रंथालये यांच्याबरोबर शैक्षणिक संस्थाही होत्या. त्यानंतर २००३ चा सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादने कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्याविषयीचे सविस्तर नियम लागू झाले. त्या नियमांनी मोठी हॉटेले आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा राखण्याची मुभा दिली, शैक्षणिक संस्थांना मात्र ती दिली नाही. म्हणजे आज महाविद्यालयात शिकणारी बहुतेक मुले जन्मण्याच्या आधीपासून ही बंदी अस्तित्वात आहे, आणि तरीही वसतिगृहाच्या गच्चीवर, वाहनतळाच्या मागे आणि उपाहारगृहाच्या कोपऱ्यात थोटके पडलेली असतात. त्यामुळे बंदी असावी का, यापेक्षा असलेली बंदी कोणी, कोणावर आणि कोणत्या पदार्थांच्या बाबतीत अमलात आणायची, यावर बोलणे मला अधिक गरजेचे वाटते.

मी विदर्भातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवत आहे आणि या विषयावर माझे मत ठाम आहे. आमच्या भागातील विद्यार्थ्यांचा तंबाखूशी पहिला परिचय सिगारेटमधून क्वचितच होतो. तो खर्र्यातून होतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधून दिलेला हा पदार्थ वर्गात बसून तोंडात धरता येतो, त्याचा धूर होत नाही, आणि घरीही तो अनेकदा मोठ्यांच्या खिशात पाहिलेला असल्याने मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही. पश्चिम महाराष्ट्रात मावा आहे, तंबाखू मळून ओठाखाली ठेवण्याची सवय तर राज्यभर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात असे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. हे आकडे ज्याने एकदा नीट वाचले आहेत, त्याला फक्त ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ असा फलक लावून समाधान मानता येणार नाही.

दुर्दैवाने २००३ च्या कायद्यातील सार्वजनिक ठिकाणची बंदी ही धूम्रपानापुरतीच आहे. तंबाखू चघळण्याला त्या कलमाने मनाई होत नाही. गुटख्यावर महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्या बंदीत आणली, परंतु हे आदेश उत्पादन, साठवण आणि विक्री यांच्याविरुद्ध आहेत. जिन्याच्या कोपऱ्यात पिंक टाकून वर्गात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला, किंवा प्राध्यापकाला, त्यांच्या आधारे कोणी काही म्हणू शकत नाही. ही उणीव विद्यापीठाने स्वतःच्या शिस्तविषयक नियमांतून भरून काढली पाहिजे. आवारात कोणत्याही स्वरूपातील तंबाखू, खर्रा, मावा किंवा निकोटीनयुक्त उपकरण बाळगणे आणि वापरणे यांना मनाई आहे, असे एक स्पष्ट वाक्य माहितीपुस्तिकेत आणि कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक सूचनांत असावे.

खर्र्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण राज्याच्या इतर भागांतील वाचकांना त्याची तीव्रता कदाचित जाणवणार नाही. सुपारी आणि तंबाखू दीर्घकाळ गालात धरल्याने तोंडातील आतले मऊ अस्तर कडक आणि पांढुरके होत जाते. आधी तिखट खाल्ले की आग होते, मग तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते, आणि निरोगी माणसाची तीन बोटे जिथे उभी सहज मावतात तिथे दोन बोटेही जात नाहीत. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची मानली जाते, आणि एकदा आलेला ताठरपणा पूर्णपणे परत फिरवता येत नाही. विशीतील मुलांमध्ये हे दिसते. मौखिक परीक्षेत शब्द नीट फुटत नाहीत म्हणून आम्ही ज्याला घाबरट समजतो, तो विद्यार्थी कित्येकदा घाबरलेला नसतो, त्याचे तोंडच पुरेसे उघडत नसते. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलेले आहे, त्यामुळे ‘सर, यात तंबाखू नाही, साधी सुपारी आहे’ हा बचाव ऐकून घेण्याचे कारण नाही.

ई-सिगारेटचा प्रश्न वेगळ्या वर्गातील मुलांचा आहे, पण तो मुंबई-पुण्यापुरता राहिला आहे असे समजू नये. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून तिचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी घातली. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वापरणाऱ्याला मात्र या कायद्याने थेट गुन्हेगार ठरवलेले नाही, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. परंतु त्यामुळे ‘वापरायला परवानगी आहे’ असा समज मुलांत पसरला आहे. पेन ड्राइव्हसारखे किंवा मार्करसारखे दिसणारे ते उपकरण दप्तरात सहज लपते, आंबा किंवा पुदिन्याचा वास येतो, आणि ‘ही तर नुसती वाफ’ असे एकमेकांना सांगितले जाते. ती नुसती वाफ नसते. तिच्यात निकोटीन असते, अतिसूक्ष्म कण असतात, तापलेल्या तारेतून सुटलेले धातूंचे अंश असतात. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत सुरू असते, आणि त्या वयात लागलेले निकोटीनचे व्यसन सोडवणे अधिक कठीण जाते. बंदी असलेली ही वस्तू वसतिगृहाच्या खोलीपर्यंत कोण पोहोचवतो, याचा शोध घेणे हे पोलिसांचे काम आहे. विद्यापीठाने मुलाचे दप्तर उलटेपालटे करून ते काम आपल्या अंगावर घेऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००८ च्या नियमांनुसार शैक्षणिक संस्थेत दंड करण्याचा अधिकार कुलगुरू, संचालक, प्राचार्य यांना दिलेला आहे. आवारात राखदाणी, काडेपेटी किंवा लायटर उपलब्ध राहणार नाही हे पाहण्याची जबाबदारीही संस्थाप्रमुखावर आहे, आणि तक्रार येऊनही त्याने काही केले नाही तर दंड त्याच्यावर बसू शकतो. अधिकार आहे, जबाबदारी आहे, तरीही अंमलबजावणी का होत नाही? माझ्या अनुभवात त्याचे कारण असे, की ज्यांनी दंड करायचा त्यांच्यापैकीच काहींच्या कपाटात तंबाखूची पुडी असते. मी ज्या संस्थांमध्ये काम केले त्यांतील एकीत विद्यार्थ्यांना दंडाची नोटीस लावली गेली, त्याच आठवड्यात स्टाफरूमच्या हातधुण्याच्या भांड्यात सुपारीचा चोथा अडकून पाणी तुंबले होते. मुले हे पाहतात आणि लक्षात ठेवतात. जो नियम प्राध्यापक, लिपिक, शिपाई, सुरक्षारक्षक आणि संस्थाचालक यांना लागू नाही, तो विद्यार्थ्याला अन्याय वाटतो, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही. म्हणून पहिले वर्षभर तरी बंदीचा सगळा भर कर्मचाऱ्यांवर असावा, असे मी आग्रहाने सांगतो.

‘आम्ही अठरा वर्षांवरील आहोत, आमचे आम्ही बघू’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांशी मी नेहमी गंभीरपणे बोलतो, कारण त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. सज्ञान माणसाच्या खासगी सवयींत संस्थेने किती शिरावे, हा प्रश्न खरा आहे. परंतु वसतिगृहाची खोली तीन-चार जणांची असते, तिच्यात दम्याचा एखादा मुलगा असतो, आणि त्याला खोली बदलून मागण्याचे धैर्य नसते. शिवाय ही सवय मुले स्वतंत्रपणे विचार करून निवडतात हे मला पटत नाही, कारण सुटी सिगारेट दहा पावलांवर मिळते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा सचित्र इशारा सुटी सिगारेट घेणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि म्हणूनच महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीला मनाई केली. तो आदेश आज किती पानटपऱ्यांवर पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभे राहून पाहावे.

फाटकाबाहेरील टपऱ्यांविषयीही माझे म्हणणे ऐकून घ्यावे. शैक्षणिक संस्थेच्या कुंपणापासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि दंड २०० रुपयांपर्यंतचा आहे. पोलीस आणि महापालिका वर्षातून एकदा येतात, टपरी उचलतात, चार दिवसांनी ती परत उभी राहते. त्या टपरीवाल्याचे पोट चहा-पोह्यांवरही भरू शकते, पण त्यासाठी त्याच्याशी कोणीतरी बसून बोलले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले, तर बुलडोझरपेक्षा अधिक टिकाऊ परिणाम होईल.

मुलींच्या बाबतीत एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. मुलाने सिगारेट ओढली तर २०० रुपये आणि मुलीने ओढली तर पालकांना फोन, वसतिगृहातून काढण्याची धमकी आणि चारित्र्यावर भाष्य, असा भेद काही ठिकाणी होतो. आरोग्याचा नियम मुलींवर पाळत ठेवण्याचे साधन बनणार असेल, तर मी त्या नियमाच्या विरोधात उभा राहीन.

दंडाने व्यसन सुटत नाही, ते सोडवण्यासाठी मदत लागते. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणातच धूम्रपान करणाऱ्यांपैकी देशभरात निम्म्याहून अधिक लोकांनी ते सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. विद्यापीठांनी त्यांच्याशी करार करून प्रत्येक सत्रात मुखतपासणी शिबिरे घ्यावीत, आणि ज्याचे तोंड कमी उघडते त्या विद्यार्थ्याचे नाव गुप्त ठेवून त्याला पुढील उपचारांसाठी पाठवावे. निकोटीनची गोळी किंवा पट्टी आणि समुपदेशक यांवर होणारा खर्च विद्यार्थी कल्याणाच्या निधीतून करता येईल. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्यवाहिनीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. तो ओळखपत्राच्या मागील बाजूस छापायला कोणत्याही समितीची गरज नाही. ३१ मे रोजी, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनी, उन्हाळी सुट्टीत, रिकाम्या इमारतीसमोर शपथ घेण्याऐवजी हे काम प्रवेशाच्या दिवसांत व्हावे.

विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून गेलेले काही मित्र ही पोस्ट वाचतात. त्यांना माझी विनंती आहे, की पुढील बैठकीत त्यांनी लेखी प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारात धूम्रपानाबद्दल किती जणांना दंड झाला, त्यांत कर्मचारी किती होते, आणि तंबाखू सोडू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्या खोलीत, कोणाला भेटायचे?