‘एक्यूआय 200 म्हणजे 9 सिगारेटी’ : हा हिशेब चुकीचा आहे

‘आज मुंबईचा एक्यूआय 200, म्हणजे तुमच्या बाळानेही 9 सिगारेटी ओढल्या’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपांवर फिरतोय. (एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक.) काळजी खरी आहे, पण आकडा चुकला आहे.

‘22 ला एक सिगारेट’ हे सूत्र बर्कले अर्थ या अमेरिकी संस्थेने 2015 मध्ये मांडलं. ते एक्यूआयसाठी नाहीच. हवेत दिवसभर घनमीटरमागे 22 मायक्रोग्रॅम पीएम 2.5, म्हणजे अतिसूक्ष्म कण असतील, तर त्याची हानी साधारण एका सिगारेटीइतकी, असा तो ढोबळ अंदाज. मेसेजमध्ये थेट एक्यूआयला 22 ने भागलंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यात एक्यूआय 200 म्हणजे पीएम 2.5 चे 90 मायक्रोग्रॅम. भागाकार येतो जेमतेम 4.

तोही दर वेळी लागू नाही. एक्यूआय ठरतो त्या दिवशीच्या सर्वांत वाईट प्रदूषकावरून. बांधकामं आणि रस्त्यांची धूळ उडते तेव्हा तो अनेकदा पीएम 10 असतो, आणि त्या जाड कणांना हे सूत्र लावताच येत नाही.

म्हणून हवा चांगली ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम 2.5 साठीची 24 तासांची मर्यादा 15 मायक्रोग्रॅम आहे. 90 म्हणजे तिच्या सहापट. घाबरवायला एवढं पुरेसं नाही का?

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. आकडा पाहायचा तर मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर पाहा. तिथे मुख्य प्रदूषक कोणता तेही दिलेलं असतं.